गव्हाचा चीक

२ मार्च १९९९, मंगळवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज जे वाटेल ते लिहीत चला. ह्यांनी ऑफिसातून डायरी आणून दिली. बोटींना तेल पुरवणारी कंपनी, त्यामुळे प्रत्येक पानावर भरती-ओहोटीच्या वेळा छापलेल्या आहेत. आज काही वाटलं नाही. झालं लिहून.

९ मार्च, मंगळवार

पुन्हा क्लिनिकला गेले. डायरी लिहिता का, असं विचारलं. हो म्हटलं. नीट लिहा म्हणाल्या, झालं काय तेही लिहा. तर लिहिते.

पर्णिकेला जाऊन गेल्या महिन्यात वर्ष झालं. पुण्यात कॉलेजला होती, कावीळ झाली, उतरेल उतरेल म्हणता पोटात गेली. तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसा रिन्यू करायला दिलेला होता. हे गेले. मी आणि दर्शन इथेच, दुबईपलीकडे, फुजैऱ्यात. पासपोर्ट हातात आला तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं. देताना ऑफिसातला माणूस म्हणाला, "खलास, मॅडम." म्हणजे काम झालं. त्या बिचाऱ्याला काय माहीत.

मी रडले नाही. खालच्या मजल्यावरच्या मैमुनाबी रत्नागिरीच्या, त्या माझ्या वाटचंही रडून गेल्या. मी मात्र स्वयंपाक एक दिवस चुकवला नाही. तोंडाला चव म्हणून नाही, कापूस चावल्यासारखं लागतं सगळं, पण वीस वर्षांची सवय आहे, हात आपोआप चालतात. हे आणि दर्शन मुकाट्याने जेवतात त्या अर्थी बरं होत असणार. उन्हाळा लवकर लागलाय या वर्षी. हे जेवताना दोन-दोन ग्लास पाणी पितात.

१२ मार्च, शुक्रवार

समोरच्या फ्लॅटमध्ये चिनी जोडपं आलंय. नवरा बोटींची तपासणी करतो, महिन्यातले अर्धे दिवस समुद्रावर. बायको आज दारात उभी. चाळिशीची असेल, केस मुलासारखे कापलेले, हाताला पीठ. गाळायला पातळ कापड मिळेल का म्हणाली. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच लंगडं. दोन लंगड्या एकमेकींना धरून बऱ्या चालतात.

कापड द्यायला गेले तर घरात बसायला जागा नाही. सगळीकडे कागद. ही चित्रकार आहे. नाव लिन श्यूयिंग. माझ्या जिभेला ते दुसरं वळेना, म्हणून लिनबाई. स्वयंपाकघरात मैद्याचा गोळा नळाखाली धरून धुवत होती आणि खालच्या भांड्यात पांढरं पाणी. मी विचारलं, काय करतेयस? म्हणाली, चित्राच्या पाठीला दुसरा कागद चिकटवायला खळ हवी, पण नुसत्या मैद्याची चालत नाही, त्यातला चिवट भाग काढून टाकावा लागतो. चीनहून आणलेली पावडर संपली.

मी भांड्यात बोट घातलं. अगं बाई, हा तर चीक.

तिला म्हटलं, हे असं नाही करायचं. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून गाळायचे, रात्रभर निवळू द्यायचं, वरचं पाणी ओतून दिलं की खाली राहतो तो चीक. आम्ही त्याच्या कुरडया करतो. कुरडई म्हणजे काय ते तिला सांगता आलं नाही. हाताने हवेत गोल गोल काढून दाखवलं. तिला वाटलं मी लाटा दाखवतेय.

१८ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी उभारली बाल्कनीत, कारण दर्शनने काठी आणली होती. चौदाव्या वर्षी पोरगा आपणहून काठी आणतो, म्हणून.

गहू मीच भिजत घातले होते लिनबाईसाठी. आज चीक नेऊन दिला. तिने तो बोटांत चोळला, वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सोनं आणून दिलंय. स्वतःच शिजवून पातळ खळ केली आणि एका छोट्या चित्राच्या पाठीला लावली. चित्र पालथं घालतात, पाण्याचा हलका फवारा, मग खळ, मग दुसरा कागद, वरून जाड ब्रशने चोपतात. मग कडा फळीला चिकटवून ठेवायचं. वाळता वाळता आपोआप ताणतं आणि डफासारखं घट्ट होतं. तोवर चुरगळलेल्या चिंधीसारखं दिसतं. मी म्हटलं, आणि बिघडलं तर? ती म्हणाली, म्हणूनच गव्हाची खळ. पाण्याने धुतली की सुटते. चुकीला जागा असते.

मैमुनाबी दुपारी जेवायला होत्या. आमटीचा पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "भाभी, आज आमटीत..." तेवढ्यात दर्शन म्हणाला, "इट्स फाइन, आंटी." मग त्या श्रीखंडाकडे वळल्या. शेंगा कच्च्या राहिल्या असतील.

२७ मार्च, शनिवार

रोज सकाळी तिच्याकडे जाते. घरी बसून तरी काय करायचं?

लिनबाईची कहाणी थोडी थोडी कळली. शाई आणि ब्रश तिला आत्याने शिकवला. मग कॉलेजात गोऱ्या लोकांची पद्धत शिकली, माणूस समोर बसवून उजेड-सावलीने चेहरा काढायची. आता ती दोन्ही एकाच कागदावर करते. लुगडं, हात, खुर्ची शाईने, दोन-चार फटकाऱ्यांत. चेहरा मात्र पाश्चात्त्य जलरंगात, गालावरचा उजेडसुद्धा दिसेल असा. बाकी कागद कोरा. मी म्हटलं, एवढी जागा वाया का? म्हणाली, वाया नाही, तो समुद्र आहे.

तिकडचे म्हणतात ही विलायती झाली. विलायतवाले म्हणतात, फारच चिनी. मी म्हटलं, बाई, ना इकडची ना तिकडची असं इथे सगळंच गाव आहे, तू एकटी नाहीस.

शारजाच्या एका कलादालनाने तिला मे महिन्यात एक भिंत दिली आहे. तिथे एकच मोठं चित्र लावायचं, माणसाच्या उंचीचं. नवऱ्याचं काँट्रॅक्ट जूनपर्यंत. या खेपेलाही कुणी थांबून बघितलं नाही तर परत जाऊन ब्रश ठेवून देणार म्हणाली. रडत वगैरे नाही, बाजारात कांदे महाग झाले असं सांगावं तसं सांगितलं. मला ते आवडलं.

६ एप्रिल, मंगळवार

मोठ्या चित्रात मी आहे. तिने विचारलं, मी हो म्हटलं. खिडकीपाशी बसायचं, मांडीवर गव्हाचं ताट, निवडत राहायचं. बसायला मला काय, मी बसूनच असते.

तिने मला हलायला सांगितलं नाही, हसायला सांगितलं नाही. फोटोवाले सांगतात तसं काही नाही. दोन दिवस नुसती बघत बसली. मग हात काढले, एका दमात, शाईने. मी बघितले तर माझेच. अंगठ्याजवळचा भाजल्याचा डागसुद्धा. चेहऱ्याला मात्र आठवडा लावला.

आज दाखवला. माझं नाक, माझी हनुवटी, सगळं बरोबर. पण बाई कुणी दुसरीच. मी म्हटलं, ही झोपलीय का? लिनबाई शब्द शोधत म्हणाली, "हात जागे. चेहरा बाहेर गेला." मी म्हटलं, कुठे गेला? ती म्हणाली, तुला माहीत. मला काही माहीत नाही. गहू छान काढलेत.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बस तू तिच्याकडे. बरं आहे ते." आणि पाणी घ्यायला उठले.

२० एप्रिल, मंगळवार

चित्र पुरं झालं. आता पाठीला कागद लावायचा. एवढ्या मोठ्या चित्राला खळ पातेलंभर लागणार, आणि लिनबाई जास्त करायला गेली की गुठळ्या होतात. म्हटलं, शिजवायचं माझ्याकडे. चीक घोटायला मला शिकवायला नको कुणी.

सकाळी आमच्याच गॅसवर मोठं पातेलं चढवलं. आधण ठेवलं, उकळी आली, घालायचं ते घातलं, एका हाताने चीक ओतत दुसऱ्या हाताने घोटला. एक गुठळी झाली नाही. पर्णिका लहान असताना पातेल्यापाशी वाटी घेऊन उभी राहायची. कुरडया गेल्या खड्ड्यात, तिला गरम चीक हवा, वर तूप. ते आठवलं. आठवून काही झालं नाही, ढवळत राहिले. हिंगाची डबी उघडून हातात घेतली तेव्हा भानावर आले आणि मुकाट्याने परत ठेवली. लिनबाईच्या चित्राला हिंगाचा वास, शोभला असता.

पातेलं दोघींनी धरून समोर नेलं. तिने खळ पाण्याने पातळ केली, गाळली. चित्र पालथं. मी एका टोकाला कागद धरला, ती दुसऱ्या टोकाने चोपत आली. माझी पाठ पहिल्यांदाच बघितली, म्हणजे माझ्या चित्राची. मग फळीला लावलं. लिनबाईने हात धुतले.

२४ एप्रिल, शनिवार

अजून वाळलं नाही. फुजैऱ्याची हवा, काय सांगावं. समोर समुद्र, मागे डोंगर, मध्ये आपण वाफेत. लिनबाईने एसी दिवसरात्र चालू ठेवलाय. छोटी चित्रं मात्र दोन दिवसांत ताणली होती. ती बोटाने कडा चाचपून बघते.

२८ एप्रिल, बुधवार

लिनबाईने सकाळीच बोलावलं. चित्र फळीवर लोंबत होतं. कोऱ्या जागेवर, तिच्या समुद्रात, राखाडी डाग. कडेला कागद सुटलाय आणि सुटला तिथे पांढरी बारीक पूड. हात लावला तर दमट. एसी एवढा थंड की माझे दात वाजत होते, आणि कागद ओला.

पातेल्याच्या तळाला उरलेली खळ वाळून बसली होती. तिने नखाने खपली काढली आणि जिभेवर ठेवली. तोंड वाकडं केलं. "सॉल्ट," म्हणाली.

मी म्हटलं, छे. कसं शक्य आहे? मीही खपली घेतली, चावली. काहीच नाही. म्हटलं, "नो सॉल्ट." तिने तोंडातली खपली थुंकून टाकली. मग जाऊन ग्लासभर पाणी प्यायली. तसं पाणी पिताना मी कुणाला तरी रोज बघत होते, कुणाला ते तेव्हा कळलं नाही.

ती ओरडली नाही. म्हणाली, "कुमु, आज तू घरी जा." आणि दार लावलं.

घरी येऊन मिठाची बरणी उघडली. चमचाभर मीठ तोंडात टाकलं. वाळू. मग उभी राहून नीट आठवलं. आधणाला उकळी आली, घालायचं ते घातलं. कुरडईच्या चिकाला आम्ही काय घालतो? मीठ आणि हिंग. हिंग मागाहून, मीठ आधी. मीठ ओढतं पाणी, पावसाळ्यात बरणीत होतं तसं. माझ्या हातांनी घातलं होतं. मला विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळी आमटी-भात केला. हे जेवायला बसले, दर्शन बसला. मी वाढून समोर उभी राहिले.

"अहो, मीठ कसं झालंय?"

"बरोबर आहे."

ग्लास रिकामा होता. मी दर्शनला विचारलं. तो ताटात बघत म्हणाला, "इट्स ओके, आई."

मी बरणी आणून दोघांच्या मध्ये ठेवली. म्हटलं, खरं सांगा. कधीपासून?

ह्यांनी कालवलेला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "वर्ष झालं असेल. एखाद दिवस मुळीच नसतं, एरवी दुप्पट."

"आणि तुम्ही जेवताय? सांगितलं नाहीत?"

"पहिल्यांदा सांगणार होतो." ह्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "पण तू तेव्हा बोलत नव्हतीस, झोपत नव्हतीस. उठून गॅसपाशी मात्र जायचीस. तेवढंच एक करत होतीस, कुमुद. तेही सोडलं असतंस तर तुला कुठून परत आणली असती?"

दर्शन म्हणाला, "आय जस्ट टेक मोर राइस, आई. इट्स नॉट दॅट बॅड."

मला राग आला. पहिल्यांदा ह्यांचा, मग माझा, मग त्या पासपोर्टचा, खलास म्हणणाऱ्याचा, कावीळ उतरेल म्हणणाऱ्या डॉक्टरचा, आणि सगळ्यात जास्त पर्णिकेचा, की मला न भेटता गेली. एवढा राग की ताट उचलून सिंकमध्ये आपटलं. मग रडले. तिथेच, ओट्याला धरून. हे पाठीमागे येऊन उभे राहिले. जवळ घ्यायचं त्यांना सुचलं नाही, नुसते माझ्या खांद्यावरचा पदर नीट करत राहिले.

२९ एप्रिल, गुरुवार

डोळे सुजलेले, तशीच समोर गेले. लिनबाईने दार उघडलं. मी म्हटलं, मीठ मीच घातलं. मला चव कळत नाही. आणि का कळत नाही तेही सांगितलं, पर्णिकेचं नाव घेऊन. वर्षभरात तोंडाने घेतलं नव्हतं. लिनबाईने ऐकून घेतलं. तिने बिचारीने सॉरी वगैरे म्हटलं नाही. म्हणाली, "धुवायला पाहिजे. तू पाणी गरम कर."

मी म्हटलं, मग एवढं तोंड का उतरलंय, सुटते ना खळ पाण्याने? ती म्हणाली, शाई राहील. शाई पाण्याला घाबरत नाही. चेहरा जलरंगाचा आहे.

दुसरा इलाज नव्हता. ठेवलं तर बुरशी धरून सगळंच जाणार. टेबलावर प्लास्टिक पसरलं, त्यावर चित्र पालथं, वरून कोमट पाणी. बोटांच्या टोकांनी मागचा कागद गुंडाळत गुंडाळत काढायचा, साबुदाण्याच्या पापडासारखा हलक्या हाताने. पाणी टिपायचं, पुन्हा ओतायचं, मीठ निघेपर्यंत. एका टॉवेलवर गुलाबी-तपकिरी डाग आला. तो माझा गाल होता. लिनबाईने तो टॉवेल पिळला नाही, घडी करून बाजूला ठेवला.

चित्र उलटलं तेव्हा हात जसेच्या तसे होते. अंगठ्याजवळचा डाग, ताटातले गहू, लुगड्याचा काठ. वर मानेपर्यंत सगळं, आणि मग कोरा कागद.

मला तिची माफी मागायची होती, पण इंग्रजीतला तो शब्द फार छोटा वाटला. गहू भिजत घालते म्हटलं.

५ मे, बुधवार

नवा चीक. शिजवताना लिनबाई आमच्या ओट्यापाशी येऊन उभी होती आणि मिठाची बरणी तिच्या हातात, घट्ट धरलेली. मला हसू आलं. तीही हसली. कागद लावला, दोन दिवसांत डफ झाला.

आज तिने मला पुन्हा खिडकीपाशी बसवलं. चेहरा परत काढते म्हणाली. रंग कालवले, ब्रश भिजवला, माझ्याकडे बघत बसली. मग ब्रश धुवून ठेवला.

मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "तो चेहरा आता तुझ्याकडे नाही."

मी म्हटलं, मग आत्ताचा काढ. म्हणाली, हा दुसऱ्या चित्राचा आहे. हे हात त्या बाईचे.

मग तसंच राहू दिलं.

१४ मे, शुक्रवार

काल शारजाला गेलो होतो सगळे, मैमुनाबींनाही घेऊन. चित्राखाली लिनबाईचा लाल शिक्का. लोक वाइनसारखं काहीतरी रंगीत सरबत घेऊन फिरत होते. बऱ्याच चित्रांपुढून चालत गेले. या एकापुढे मात्र थांबत होते. एक गोरी बाई लिनबाईला म्हणाली, हिला चेहरा का नाही? लिनबाई म्हणाली, "ती त्या दिवशी घरी नव्हती." बाईला ते फार आवडलं. मी शेजारीच उभी होते, कुणी ओळखलं नाही. मैमुनाबींनी ओळखलं. चित्रातल्या हातांकडे बघून त्यांनी माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

दालनवाले हिवाळ्यात आणखी चित्रं आणा म्हणाले. नवऱ्याचं काँट्रॅक्ट वाढतंय का ते अजून कळलेलं नाही. नाही वाढलं तरी ब्रश ठेवणार नाही, असं लिनबाई म्हणाली. गव्हाचं काय करणार, असं मी विचारलं. म्हणाली, आता मला येतं.

पर्णिकेचा फोटो आज कपाटातून काढून बाहेर लावला. बघवत नाही अजून. पण लावला.

चव आलेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात येईल, आणि मी म्हणते इन्शाल्ला. तोवर आमच्या घरात नवा नियम आहे. संध्याकाळी आमटीला उकळी आली की दर्शनला हाक मारायची. तो अभ्यास टाकून, कुरकुरत येतो, पळीतून तळहातावर घेतो, फुंकर मारतो. पहिले काही दिवस नुसतं "फाइन, फाइन" म्हणून पळायचा.

आज चाखली, जरा वेळ तोंडात धरली, आणि भीत भीत माझ्याकडे बघत म्हणाला, "नीड्स सॉल्ट, आई."

बाहेर हे पेपर वाचत होते, हातातला पेपर खाली झाला. मी चिमूटभर मीठ घातलं, ढवळलं आणि दर्शनला म्हटलं, थांब, पुन्हा बघ.